‘सौम्य’ या शब्दाचा इतिहास : मस्तिष्कावरणातील अर्बुद आणि त्याच्या नोंदी

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे प्रामुख्याने दोन वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. एक थोर वैद्यांच्या चरित्रांची आणि दुसरी साथींची. १८९६ च्या मुंबईतील प्लेगवर, देवीच्या लसीकरणावर किंवा पटकीवर जेवढे लेखन झाले, तेवढे साथ नसलेल्या आजारांवर झाले नाही. त्याचे कारण उघड आहे. साथ आपल्यामागे कागदपत्रे ठेवते. सरकारी अहवाल, वर्तमानपत्रांतील बातम्या, कायदे, प्रसंगी दंगलीसुद्धा. याउलट दहा-पंधरा वर्षे सावकाश वाढणारी, एकापासून दुसऱ्याला न होणारी गाठ ही एका कुटुंबापुरती घटना राहते. तिचा इतिहास लिहायचा तर साधने कोठून आणावयाची? प्रस्तुत लेखात मेंदू व मेरुरज्जू यांच्या आवरणात उद्भवणाऱ्या ‘मेनिंजिओमा’ या अर्बुदाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे.

मेंदू व मेरुरज्जू यांभोवती तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे ‘ड्यूरा’ हे चिवट, चामड्यासारखे. मधले ‘अॅरॅक्नॉइड’ हे कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ. आणि आतले ‘पाया’ हे मेंदूच्या घड्याघड्यांत शिरलेले तलम आवरण. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या आवरणाच्या लॅटिन नावांना जोडलेला ‘माता’ हा शब्द अरबी वैद्यकग्रंथांतील संज्ञेच्या मध्ययुगीन भाषांतरातून आला आहे. मेनिंजिओमा मधल्या आवरणाच्या पेशींपासून उद्भवतो आणि बहुधा बाहेरच्या आवरणाला चिकटून वाढतो. तो मेंदूच्या गाठींत मोजला जात असला तरी मेंदूच्या ऊतीचा नसतो. मेंदूला तो बाहेरून दाबतो. अमेरिकेतील अलीकडच्या नोंदींनुसार मेंदू व मज्जासंस्थेच्या प्राथमिक अर्बुदांपैकी सुमारे ४० टक्के अर्बुदे या प्रकारची असतात आणि स्त्रियांत त्यांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. त्यांतील बहुसंख्य अर्बुदांना ‘सौम्य’ म्हटले जाते.

या ‘सौम्य’ शब्दाशीच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन निगडित आहे. हा शब्द पेशींचे वर्णन करतो. गाठ कोठे आहे, रुग्णाचे पुढे काय होते, याविषयी तो काहीच सांगत नाही. ती माहिती रुग्णाचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या नोंदींतूनच मिळाली. मेनिंजिओमाचा इतिहास सहसा शल्यचिकित्सकांच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तितकाच, किंबहुना अधिक, नोंदवहीचा इतिहास आहे.

शवविच्छेदनातील गाठ आणि नावांची गर्दी

या अर्बुदाचे पहिले ओळखण्याजोगे वर्णन बाझल येथील वैद्य फेलिक्स प्लाटर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केले. हळूहळू बुद्धिभ्रंश होत गेलेल्या एका सरदाराच्या शवविच्छेदनात त्यांना कवटीच्या आत मध्यम सफरचंदाएवढी, स्वतःचे वेष्टन असलेली गोल गाठ आढळली. मेंदूशी ती एकजीव झालेली नव्हती आणि बाहेर काढल्यावर तिच्या जागी पोकळी उरली. प्लाटर यांच्या वर्णनाचे मोल या शेवटच्या तपशिलात आहे. गाठ मेंदूपासून वेगळी आहे, याचाच अर्थ तत्त्वतः ती काढता येण्याजोगी आहे. हा अर्थ प्रत्यक्षात उतरायला मात्र आणखी अडीचशे वर्षे लागली.

पेरू आणि इजिप्त येथील काही प्राचीन कवट्यांवर हाडाचा जो विशिष्ट जाडपणा दिसतो, तो अशाच गाठींमुळे आला असावा असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. या अर्बुदाच्या सान्निध्यात कवटीचे हाड फुगते, ही गोष्ट खरी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अर्बुद’ या व्याधीचे वर्तुळाकार, स्थिर, अल्प वेदनेचे, दीर्घकाळ वाढणारे व न पिकणारे असे वर्णन येते आणि ते मेनिंजिओमाला चपखल बसते, असा मोह आपल्याला होऊ शकतो. तो टाळलेला बरा. सुश्रुतांचे अर्बुद हाताला लागणाऱ्या गाठीचे वर्णन आहे; कवटीच्या आतील गाठ त्यांना अभिप्रेत होती असे मानण्यास आधार नाही. मराठीने अर्बुद हा शब्द तेथून घेतला, एवढे ऋण पुरेसे आहे.

१७७४ मध्ये पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीच्या ग्रंथात आंत्वान लुई यांनी ड्यूराच्या ‘बुरशीसारख्या’ गाठींवर सविस्तर निबंध लिहिला. त्यानंतरच्या शतकात या एकाच अर्बुदाला किती नावे मिळाली हे पाहणे उद्बोधक ठरते. ‘ड्यूराची बुरशी’, ‘सार्कोमा’, ‘एंडोथेलिओमा’, ‘फायब्रोब्लास्टोमा’. आणि गाठीत वाळूसारखे कण आढळतात म्हणून रुडॉल्फ फिर्खो यांनी दिलेले ‘सॅमोमा’. प्रत्येक नावात एक सिद्धान्त दडलेला होता. ज्याला गाठ ज्या ऊतीची वाटली, त्याने त्या ऊतीवरून नाव ठेवले. १८६४ मध्ये जॉन क्लेलँड यांनी आणि १९०२ मध्ये मार्टिन श्मिट यांनी या गाठींचे नाते अॅरॅक्नॉइडमधील पेशीसमूहांशी जोडले. आज तेच योग्य ठरले आहे. पण त्या काळी ते अनेक मतांपैकी एक मत होते, आणि नावांची गर्दी तशीच राहिली.

शस्त्राचा प्रवेश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन गोष्टी एकत्र आल्या. भूल देण्याची सोय झाली, जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीमुळे जखम पिकणे कमी झाले आणि मेंदूचा कोणता भाग कोणते काम करतो याचे ज्ञान वाढू लागले. लिस्टर यांच्या ग्लासगोमधील परंपरेत वाढलेल्या विल्यम मॅक्युएन यांनी १८७९ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीच्या कवटीतून ड्यूराला लागलेली गाठ काढली. डाव्या डोळ्याच्या वरची सूज आणि शरीराच्या उजव्या बाजूचे झटके यांवरून त्यांनी गाठीची जागा ताडली होती. मुलगी वाचली. आठ वर्षांनी मूत्रपिंडाच्या विकाराने तिचा मृत्यू झाला, तेव्हा शवविच्छेदनात गाठ परत वाढलेली दिसली नाही. ही शेवटची नोंद शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची आहे; मॅक्युएन यांना आपले यश खऱ्या अर्थाने आठ वर्षांनी कळले.

रोममध्ये फ्रांचेस्को दुरांते यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यास पस्तीस वर्षांच्या एका स्त्रीच्या नाकाच्या मुळाशी असलेली सफरचंदाएवढी गाठ काढली. वास न येणे आणि डोळा पुढे येणे ही तिची लक्षणे होती. तीही वाचली; परंतु १८९६ मध्ये गाठीच्या पुनरुद्भवामुळे तिच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. फिलाडेल्फियात विल्यम कीन यांनी १८८७ मध्ये शस्त्रक्रिया केलेला गाडी बनवणारा तरुण कारागीर त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगला.

पाठीच्या कण्यातील घटना अधिक बोलकी आहे. लंडनमधील एका निवृत्त कप्तानाला १८८४ पासून पाठीत असह्य वेदना होत होत्या. एकामागून एक वैद्य झाले, हवापालटासाठी सागरप्रवास झाला, दुखणे मज्जातंतूंचे किंवा मनाचे ठरवले गेले. हळूहळू पायांतील शक्ती गेली. अखेर विल्यम गॉवर्स यांनी केवळ लक्षणांच्या आधारे गाठीची पातळी ठरवली आणि ९ जून १८८७ रोजी क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात व्हिक्टर हॉर्सली यांनी मणक्यांच्या कमानी काढून आत पाहिले. गाठ दिसेना. सहायकाच्या आग्रहावरून आणखी वर शोध घेतल्यावर ती सापडली. मेरुरज्जूच्या बाहेर, आवरणाच्या आत, बदामाच्या आकाराची. वर्षभरात रुग्ण चालू लागला. तेव्हा गाठीला ‘फायब्रोमिक्सोमा’ म्हटले गेले. ती नेमकी कोणत्या प्रकारची होती याविषयी पुढच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु बाहेरून दाबणारी गाठ काढली की दाबलेला मेरुरज्जू पुन्हा काम करू लागतो, हे या शस्त्रक्रियेने प्रथमच ठामपणे दाखवले. मेरुरज्जूच्या मेनिंजिओमाचे रुग्ण प्रामुख्याने मध्यम वयाच्या पुढील स्त्रिया असतात आणि गाठ बहुतेक वेळा छातीच्या पातळीवर असते. पाय जड होण्याची तक्रार वय किंवा वात म्हणून सोडून देण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत फार मोठी. कप्तानाने तीन वर्षे ऐकलेली उत्तरे त्यामुळे जुनी वाटत नाहीत.

कुशिंग, आयझेनहार्ट आणि काळी वही

अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये लंडन येथील कॅव्हेंडिश व्याख्यानात ८५ रुग्णांच्या आधारे या गाठींचे विवेचन केले आणि ‘मेनिंजिओमा’ हे नाव सुचवले. मेनिंजेस म्हणजे आवरणे; आवरणांची गाठ ती मेनिंजिओमा. या नावात ऊतीविषयी कोणताही दावा नव्हता आणि तेच त्याचे बलस्थान होते. गाठ कोणत्या पेशींची याविषयी वाद घालणाऱ्या सर्वांना ती कोठे असते याविषयी एकमत होते. कुशिंग यांनी वाद मिटवला नाही. वाद चालू असतानाही वापरता येईल असा शब्द दिला. वर्गीकरणाच्या इतिहासात अशी संयमी नावे फार थोडी आहेत, आणि म्हणूनच ते शंभर वर्षे टिकले असावे.

नाव टिकले ते त्यामागील नोंदींमुळेही. लुइस आयझेनहार्ट या १९१५ मध्ये कुशिंग यांच्याकडे संपादन-साहाय्यक म्हणून आल्या. पुढे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, १९२५ मध्ये टफ्ट्स येथून पदवी मिळवली आणि विकृतिशास्त्रज्ञ म्हणून त्या परतल्या. शस्त्रक्रिया चालू असतानाच ताज्या ऊतीवरून अर्बुदाचे निदान करण्याची पद्धत त्यांनी कुशिंग यांच्यासमवेत १९३० मध्ये प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाने सिद्ध झालेल्या प्रत्येक अर्बुदाची त्या एका लहानशा काळ्या वहीत नोंद करीत. १९३१ मध्ये या नोंदी २००० वर पोहोचल्या. शस्त्रक्रियेच्या वार्षिक दिनी रुग्णांनी प्रकृतीविषयी पत्र लिहावे, असा कुशिंग यांचा परिपाठ होता. या पत्रांमुळेच रुग्णालयाच्या दारापाशी संपणारी हकीकत दहा-वीस वर्षांची झाली.

१९३८ मध्ये या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या बृहद्ग्रंथात ३१३ रुग्णांचा अभ्यास आहे. ग्रंथाच्या शीर्षकात वर्गीकरणाबरोबरच या अर्बुदांचा ‘जीवनवृत्तान्त’ आणि शस्त्रक्रियांची ‘अंतिम फलिते’ यांचा उल्लेख आहे, हे लक्षणीय होय. त्याच वर्षी आयझेनहार्ट यांची हार्वी कुशिंग सोसायटीच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि १९४४ पासून दोन दशके त्यांनी ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’चे संपादन केले. तरीही सामान्य इतिहासलेखनात ग्रंथ ‘कुशिंग यांचा’ म्हणूनच ओळखला जातो. शस्त्रक्रिया ही घटना असते, नोंद हे काम असते. आणि इतिहासलेखनाला घटना अधिक आवडतात.

या ग्रंथातील सर्वांत परिचित रुग्ण म्हणजे जनरल लेनर्ड वुड. हे स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते आणि अमेरिकी सैन्याचे प्रमुख झाले. १९१० मध्ये कुशिंग यांनी त्यांची मेंदूच्या मध्यरेषेलगतची गाठ काढली. त्यापुढील सतरा वर्षांचा काळ ‘सौम्य’ शब्दाचा अर्थ उलगडून दाखवणारा आहे. वुड यांनी सैन्याचे नेतृत्व केले, १९२० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी निवडणूक लढवली, १९२१ पासून ते फिलिपीन्सचे गव्हर्नर-जनरल होते. या काळात गाठ पुन्हा वाढत होती. डावा पाय, मग हात निकामी होऊ लागला, दृष्टी अधू झाली. काम सोडून शस्त्रक्रियेला जाणे मात्र लांबणीवर पडत गेले. ऑगस्ट १९२७ मध्ये बोस्टन येथे शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी कुशिंग यांनी विल्यम बोवी यांच्या विद्युत्-उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करण्यास आरंभ केला होता. मेनिंजिओमाला रक्तपुरवठा विपुल असतो. त्यामुळे १९१० मध्ये अशक्य असलेल्या अनेक शस्त्रक्रिया १९२७ मध्ये शक्य झाल्या होत्या. रक्तस्रावाचा धोका मात्र संपला नव्हता. वुड यांचा मेंदू कुशिंग यांच्या संग्रहात राहिला. हा संग्रह येल विद्यापीठात दीर्घकाळ तळघरात पडून होता आणि २०१० मध्ये तो पुन्हा मांडण्यात आला.

पुनरुद्भवाचे गणित

कुशिंग-परंपरेतील प्रश्न डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्ये आकड्यांत मांडला. गाठ किती काढली यावरून त्यांनी पाच श्रेणी ठरवल्या. गाठ, तिला लागलेले ड्यूरा आणि बाधित हाड हे सर्व काढले असता पुनरुद्भव सुमारे ९ टक्के. ड्यूरा न काढता केवळ जाळले असता १९. तेही न केल्यास २९. आणि गाठीचा काही भाग मागे राहिल्यास ४४ टक्के. आकड्यांवर पुढे आक्षेप घेतले गेले, श्रेणी मात्र आजही वापरात आहेत. यांतून एक साधे तथ्य पुढे आले. मध्यरेषेतील महाशिरेला किंवा कवटीच्या तळाला चिकटलेली गाठ पूर्ण काढता येत नाही. म्हणजे पेशी तितक्याच सौम्य असताना केवळ जागेमुळे रुग्णाचे भवितव्य पालटते.

जनुकविज्ञानाने पुढे पेशींचे चित्रही बदलले. मेनिंजिओमाच्या पेशींत २२ वे गुणसूत्र अनेकदा हरवलेले असते, हे १९६७ मध्ये कळले; त्याच गुणसूत्रावरील ‘एनएफ-२’ जनुक १९९३ मध्ये सापडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात काही विशिष्ट जनुकीय बदल आढळल्यास सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी दिसणारी गाठही तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक मारक श्रेणीत टाकली जाते.

उलट दिशेनेही एक बदल घडला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. त्यानंतर कवटी न उघडता गाठ दिसू लागली आणि ज्यांना काहीच त्रास नाही अशांच्याही डोक्यात ती आढळू लागली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉटरडॅम येथील पाहणीत एमआरआय केलेल्या २००० सर्वसाधारण नागरिकांपैकी ०.९ टक्के व्यक्तींत मेनिंजिओमा आढळला. प्लाटर यांनी मृत्यूनंतर पाहिलेली गाठ आता लक्षणांच्या आधी दिसते. अशा गाठीवर अनेकदा केवळ लक्ष ठेवले जाते. आयझेनहार्ट यांचे काम आता उपचाराचाच भाग झाले आहे.

कोण मोजले जाते?

नोंदींचे महत्त्व दोन प्रसंगांतून विशेष स्पष्ट होते. १९४८ ते १९६० या काळात इस्रायलमध्ये डोक्यावरील गजकर्णावर उपचार म्हणून हजारो मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडले गेले. यांतील बहुसंख्य मुले उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातून आलेल्या स्थलांतरित कुटुंबांची होती. हा उपचार तेव्हा जगभर मान्य होता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १०,८३४ व्यक्तींची तुलना किरण न दिलेल्यांशी, तसेच त्यांच्याच भावंडांशी केली गेली. मेनिंजिओमाचे प्रमाण सुमारे साडेनऊ पट आढळले. १९९४ मध्ये तेथे नुकसानभरपाईचा कायदा झाला. मुलांच्या याद्या जपल्या गेल्या नसत्या तर चाळिशीत गाठ झालेल्या माणसाला आपल्या बालपणातील गजकर्णाचा संबंध कधीच कळला नसता.

दुसरा प्रसंग स्त्रियांशी संबंधित आहे. गरोदरपणात दृष्टी जाणे आणि प्रसूतीनंतर ती सुधारणे, असा अनुभव कुशिंग व आयझेनहार्ट यांनी १९२९ मध्येच नोंदवला होता. पुढे या गाठींत प्रोजेस्टेरॉनचे ग्राही आढळले. सायप्रोटेरोन या औषधाच्या अधिक मात्रेचा धोका दिसल्यावर २०२० मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्याच्या वापरावर निर्बंध आणले. २०२४ मध्ये फ्रान्समधील मेनिंजिओमाची शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ स्त्रियांच्या अभ्यासात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घेतलेल्यांत धोका साडेपाच पटींच्या घरात दिसला. हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. फ्रान्समध्ये हे इंजेक्शन फारसे वापरले जात नाही. त्यामुळे रुग्णांपैकी ते घेतलेल्या स्त्रिया केवळ ९ होत्या. मूळ धोकाच अत्यल्प असल्याने वाढलेला धोकाही कमीच राहतो, आणि नको असलेल्या गर्भधारणेचे धोके त्यासमोर ठेवून पाहावे लागतात. यातून कोणा स्त्रीने स्वतःहून औषध बंद करावे असा निष्कर्ष निघत नाही.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथे वेगळा प्रश्न पडतो. हेच इंजेक्शन भारतात राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने दर तीन महिन्यांनी दिले जाते. महाराष्ट्रातील सरकारी आरोग्य केंद्रांतूनही ते मिळते. फ्रान्सला ९ स्त्रिया शोधता आल्या, कारण तेथे औषधांची आणि शस्त्रक्रियांची नोंद एकाच राष्ट्रीय व्यवस्थेत जोडलेली आहे. अमेरिकेतही सौम्य मेंदू-अर्बुदे कर्करोग नोंदणीत घेणे २००२ च्या कायद्याने, १ जानेवारी २००४ पासून, बंधनकारक झाले; तोपर्यंत ‘सौम्य’ म्हणून ती त्या सक्तीच्या बाहेर होती. आपल्याकडे मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी उभी राहिली आणि १९८० च्या दशकारंभी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दोन्हींचे प्रयोजन कर्करोग मोजणे हे होते, आणि ते योग्यच होते. इंजेक्शनची नोंद आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये असते. पुढे वीस वर्षांनी एखाद्या स्त्रीची गाठ काढली गेली तर तिचे कागद शहरातल्या रुग्णालयात, किंवा त्याहून अधिक वेळा तिच्याच घरच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. या दोन कागदांची गाठ घालून देणारी वही सध्या कोणाच्याही टेबलावर नाही.